वीस तोंडांचा वाघ

दिनेशच्या खेळातला वाघ पुण्यात मरतुकडा ठरला आणि पोंभुर्ण्याजवळच्या त्याच्या गावात कुणाला जिवंत सोडेना. आकडे तेच, फासे तेच.

खेळ असा. प्रत्येकाने गावातल्या एका माणसाचं सोंग घ्यायचं, त्याच्यासारखं बोलायचं आणि पहाटे मोहफुलं वेचायला रानात जायचं. वाघ आला की त्याच्या नावाने वीस तोंडांचा फासा टाकायचा. माणसांचे फासे साधे, सहा तोंडांचे. पण जी माणसं जवळजवळ उभी असतील त्यांची बेरीज होते. बेरीज वाघापेक्षा जास्त भरली तर वाघ माघारी, नाहीतर एक माणूस गेला. चौघं एकत्र असले तर दहात सहा-साडेसहा वेळा वाघ हटतो. एकटा माणूस असेल तर आठात एकदा. लढाईचं गणित एवढंच, पण ते जुळवता जुळवता दिनेशचा अख्खा हिवाळा गेला होता.

पुण्याचे कॉलेजातले मित्र हा खेळ छापणार होते. त्यांनी खेळून पाहिला आणि कळवलं, वाघ कच्चा आहे, जरा ताकद वाढव. दिनेशने हो म्हटलं, पण आकडे अजून बदलले नव्हते. खरं तर छापण्याचं त्याला फारसं सोयरसुतक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या आईला, सुकरीला, नाल्याकाठच्या मोहाखालून वाघाने नेलं होतं. आता त्याच झाडाखाली त्याचा बाप वारलू एकटा जात होता, आणि कितीही डोकं फोडा, ऐकत नव्हता. तोंडाने सांगून जे पटत नाही ते फाशांनी पटेल, अशी दिनेशची आशा होती. आशेला काय, ती कशालाही लोंबकळते.

म्हणून एका संध्याकाळी त्याने ओसरीवर पट मांडला. वारलू बसला, चुलत बहीण रंजीता बसली, शेजारचे डोमाभाऊ बसले. चौथी सोंगटी दिनेशची आणि वाघाचा फासाही त्याच्याच हाती.

पटावर मोहाची झाडं काढलेली होती. रंजीताने आधी तेच विचारलं, "दादा, यातला माहा मोह कोन्ता?"

"कोन्ताई घे."

तिने एक झाड धरलं, डोमाभाऊंनी दुसरं. वारलूने काही न विचारता नाल्याकाठचं घेतलं. दिनेशनेही आपली सोंगटी उरलेल्या झाडाखाली ठेवली. वाघाने एकेकाला उचललं. पुन्हा डाव मांडला, पुन्हा तेच.

"तुहं गनित चुकून राह्यलं दादा," रंजीता म्हणाली.

दिनेश पटाकडे बघत राहिला आणि मग त्याला दिसलं. गणित चुकलं नव्हतं. पुण्याचे चौघं एका झाडाखाली गोळा व्हायचे, तिथली फुलं संपली की मिळून दुसऱ्याखाली जायचे. त्यांना सगळी झाडं सारखीच. इथे मोह ज्याच्या त्याच्या घरचा, आज्या-पणज्यांनी वाटून दिलेला. दुसऱ्याच्या मोहाखाली कुणी टोपली टेकवत नाही. हे नियमात कुठेच नव्हतं. तरी चारही जणांनी ते पाळलं होतं, आणि त्यातला एक खुद्द नियम लिहिणारा होता.

त्याला हुरूप आला. "बाबा, आता असं पाहा. सगळे एका झाडाखाली. टोपली एक, फुलं मंग वाटून घ्याचे."

तसे खेळले. वाघ हटला. पुढच्या डावातही हटला. डोमाभाऊ खूश झाले.

वारलू फासा तळहातावर घेऊन बसला होता. "आन् बाकीच्या झाडाखालचे फुलं? आपन इथी घोळक्यानं बसलो, तवर तिकडं ढोरं खाऊन राह्यले. ढोरं टाक तुह्या खेळात."

दिनेशला ढोरं ठाऊक नव्हती असं थोडंच होतं? ती त्याने मुद्दाम बाहेर ठेवली होती, कारण ती आली की बेरीज मोडते. पण बापासमोर खोटं खेळवेना. त्याने नियम केला: राखण नसलेल्या झाडाखालची फुलं दर फेरीला निम्मी होणार. पहिल्या फेरीत सगळे एकत्र थांबले. दुसऱ्या फेरीत डोमाभाऊंची सोंगटी हळूच आपल्या झाडाकडे सरकली, मग रंजीताची. वाघाला आणखी काय हवं होतं?

शेवटी दिनेशने वाघच लहान केला. वीसचा फासा बाजूला ठेवून आठ तोंडांचा घेतला. एकट्या वारलूने सहा टाकले, वाघाचे तीन पडले.

"आले बाबा घरी," दिनेश म्हणाला.

"मंग उद्या?" वारलूने विचारलं. "उद्या परत मोह पडन."

दिनेशने मनातल्या मनात उद्याचा फासा टाकला, परवाचा टाकला. फुलं महिनाभर पडतात. वाघाचा फासा कितीही लहान घ्या, महिन्यात एकदा तरी तो जिंकणारच. त्याने पट गुंडाळला.

पहाटे वारलूने टोपली उचलली तसा तोही दुसरी टोपली घेऊन मागोमाग निघाला. दोघांची बेरीज दहात तीनदा. एकट्यापेक्षा बरी.

नाल्याकाठी पालापाचोळा जाळून साफ केलेल्या जमिनीवर फुलांचा सडा पडला होता. बापलेक पाठीला पाठ लावून वेचू लागले. इतक्या जवळ ते आई गेल्यापासून कधी बसले नव्हते, आणि दिनेशला बरं वाटलं.

तेवढ्यात वावराकडून घंटांचा आवाज आला. त्यांच्या घरचा दुसरा मोह तिकडे होता.

"ढोरं आले तिकडं," वारलू मान वर न करता म्हणाला. "जा."

"बाबा..."

"फुलं जातीन रे. जा."

दिनेशला सगळे आकडे तोंडपाठ होते. त्याने बापाची वाकलेली पाठ पाहिली, टोपली उचलली आणि निघाला. वावराजवळ पोचून त्याने ढोरं हाकलली. निम्मी फुलं अजून शिल्लक होती. इथून नाला दिसत नव्हता. तो वाकला आणि वेचू लागला.