डबीभर डोंगर

"एवढीशी?" दादाने डबी तळहातावर ठेवून तोलून पाहिली. "आख्खा डोंगर खाल्लात आणि काढलं काय, तर ही एवढीशी डबी?"

तो हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ती पाठ चोळायला उठली, तर त्याने हातानेच बस म्हटलं. उद्या सकाळी इस्पितळात त्याच्या छातीचा फोटो काढायचा होता. त्यासाठी तो आला होता; धाकट्या बहिणीकडे मुक्कामाला येण्याची, तिच्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीतली ही पहिलीच वेळ. आल्या आल्या त्याने हट्टच धरला होता, की आपल्या डोंगराचं तुम्ही काय करता ते एकदा दाखव.

डबी चेहऱ्याला लावायच्या पावडरीची होती. आत आरसा, मऊ गोल गादी आणि दाबून बसवलेली फिक्या रंगाची वडी. बायका ती पर्समध्ये टाकतात आणि विसरून जातात.

"सगळा काही डोंगर नसतो रे त्यात," ती म्हणाली. "चमक असते ती अभ्रकाची. ते समुद्रापलीकडून येतं. रंग लोखंडाच्या गंजासारखा काहीतरी, तो दुसऱ्या कारखान्यात करतात. वडी सुटू नये म्हणून थोडं तेल."

"आणि आपला दगड?"

"निम्म्याहून जास्त तोच."

"मग ठीक," दादा म्हणाला. जणू घरातल्या पोराचा पहिला नंबर आला होता.

त्या दगडाला कारखान्यात शंखजिरं म्हणत. गावात नुसता पांढरा दगड. नखाने ओरखडा निघावा इतका मऊ. कारखान्यात तिचं नाव चिमूटबाई पडलं होतं. नव्या पोत्याचं तोंड उघडलं की चिमूटभर भुकटी बोटांत चोळायची आणि सांगायचं, खरखरीत आहे की लोण्यासारखी. पुढे यंत्रं आली. तरी यंत्राचा आकडा बघून झाला की साहेब हळूच विचारायचेच, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

दादाने डबी मिटली. "मास्तर गेले. कळलं असेल तुला."

"नाही. कधी?"

"गेल्या महिन्यात. मुलीकडे असायचे ना. तिचा निरोप आला होता, शेवटचं बघून जा म्हणून. मी नाही गेलो. ज्या माणसाने आपला डोंगर कंपनीला दाखवला, त्याला कशाला बघायचं?"

मास्तर कधीतरी भेटतील, तेव्हा त्यांचे पाय धरू, असं ती गेली बारा वर्षं स्वतःला सांगत आली होती.

सुरुवातीला ती झाकणं बसवायच्या टेबलावर होती. एक दिवस परदेशातून आलेल्या पोत्याभोवती सगळे कौतुकाने गोळा झाले. तिनेही चिमूट चोळली आणि उगाच शेखी मिरवली, "हं! आमच्या घरामागचा दगड याच्यापेक्षा मऊ आहे." साहेबांनी मान वळवून विचारलं, "कुठे आलं तुमचं घर?" झालं ते एवढंच. वर्षभरात तिला झाकणांच्या टेबलावरून माल तपासायला घेतलं, बसायला पाठीची खुर्ची मिळाली. साहेबांच्या खोलीतल्या नकाशावर, जिथून जिथून माल येई तिथे टाचण्या होत्या. तिच्या गावाचं नाव त्या नकाशात छापलेलंच नव्हतं. आता तिथे एक हिरवी टाचणी आली.

गावात आधी सगळे खूश. नोकऱ्या लागल्या, दादाच्या हाती ड्रिल आलं. मग झरा आटला, सुरुंगांनी भिंतींना तडे गेले, माणसं खोकू लागली, आणि मग कुणामुळे झालं याचा शोध सुरू झाला. मास्तर खडू संपले की त्याच दगडाने फळ्यावर लिहीत. कंपनीची जीप पहिल्यांदा रस्ता विचारायला शाळेपाशीच थांबली होती. एवढं पुरलं. सगळं खापर मास्तरांवर फुटलं. लोक बोलेनासे झाले, तेव्हा त्यांनी बदली मागून घेतली.

ती सगळं ऐकत होती आणि मूग गिळून बसली होती. आधी नोकरीच्या भीतीने, मग लाजेने, आणि मग इतकी वर्षं उलटल्यावर आता काय सांगायचं म्हणून.

"दादा, मास्तरांनी नव्हतं दाखवलं."

"मग काय जीपला स्वप्न पडलं?"

"मी सांगितलं होतं. इथल्या कारखान्यात."

थट्टा नाही हे कळायला त्याला थोडा वेळ लागला.

"मास्तर गाव सोडून गेले, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"जायच्या आधी ते माझ्याकडे आले होते. उंबऱ्यात उभे होते. तू तरी विश्वास ठेव म्हणाले. मी तोंडावर दार लावलं." त्याला दम लागला. "तू सुट्टीला घरी आली होतीस, छोटे. आत चहा करत होतीस."

"हो."

"ऐकलंस?"

"सगळं ऐकलं. दादा, शिव्या दे. मार हवं तर."

पण त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. "डोंगराचं काय," तो म्हणाला. "तू नसतं सांगितलंस तर आणखी कुणी सांगितलं असतं. पोखरला तर मीच ना, वीस वर्षं. पण मास्तर..." तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. तिने वाढलेलं ताट तसंच राहिलं.

सकाळी तो तिच्याआधी तयार होऊन बसला होता. रस्ताभर ती रिक्षावाल्याशी, फाटकावरच्या माणसाशी, नर्सशी बोलली. दादाच्या जुन्या तपासण्यांचे कागद तिच्याकडे होते. खिडकीतल्या कारकून बाईंनी ते चाळले आणि फॉर्म पुढे ओढला.

"पेशंटबरोबर कोण?"

"मी आहे," ती म्हणाली.

"नातं?"

तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात मागून दादा बोलला. एकेक शब्दाला श्वास घेत बोलला.

"ओळखीच्या आहेत."

बाईंनी तसंच लिहून घेतलं आणि सहीची जागा दाखवली. तिने सही केली.

आत बोलावलं तेव्हा सदरा बाहेरच काढून ठेवायला सांगितला. दादाने तो काढला, नीट घडी केली आणि तिने पुढे केलेल्या हातात न देता बाकावर ठेवला. दार बंद झालं. सदऱ्याला हात न लावता, तो कुणाच्या धक्क्याने खाली पडू नये म्हणून ती त्याच्या शेजारी बसून राहिली.