दाबलंय हो!

"दाब!" मी गाडीखालून ओरडलो आणि पान्यावर हात ठेवून उत्तराची वाट बघत पडून राहिलो.

उत्तर आलं नाही. येणार कुठून? आत सीटवर कोणी नव्हतंच. ही गेली त्याला अजून वर्षही झालं नव्हतं, आणि मी शहाणा रविवारी सकाळी उठून, चहा घेऊन, चाक काढून हिला हाका मारत होतो. वर दुसऱ्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांचा हात दोरीवरच थांबला. मी घसा खाकरला आणि उगाचच पाना पुसायला लागलो. पाना स्वच्छच होता.

आधी गाडीबद्दल सांगतो. दोन सीटची, बुटकी, लाल. तिच्यात माणूस बसत नाही, पडतो. आणि बाहेर यायचं तर कोणीतरी हात द्यावा लागतो. एके काळी ती स्पोर्ट्स कार होती. आता तिची आणि माझी दुखणी साधारण सारखीच. मी आयुष्यभर दुकानदारांचे वजनकाटे तपासायची नोकरी केली. असल्या माणसाने असली गाडी घ्यावी हे कोणालाच पटलं नव्हतं, सासऱ्यांना तर मुळीच नाही. ही मात्र पहिल्याच दिवशी दार उघडून आत जाऊन बसली आणि म्हणाली, "अहो, हिचं तेलपाणी कोण बघणार?"

"आपण," मी म्हटलं.

त्या 'आपण'मध्ये आपण किती अडकणार आहोत, हे तिला तेव्हा कळलं नसावं.

ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, फिल्टर, पट्टा, सगळं आम्ही घरीच केलं. टॉर्च धरायचं काम हिचं. ती बोल्ट सोडून माझ्या तोंडावर उजेड पाडायची आणि वर विचारायची, "दिसतंय ना नीट?" पण ब्रेकच्या कामात तिला तोड नव्हती. ब्रेकच्या पाइपात हवा शिरली की पेडल पायाखाली मऊ पडतं, स्पंजासारखं. मग एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी पडून एक छोटा स्क्रू सैल करायचा, तेलाबरोबर हवा बाहेर आली की स्क्रू आवळायचा, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत, नि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून ओरडून सांगावं लागतं. हिची उंची बेताची, पाय पेडलला पुरायचे नाहीत. मी आधी सीट पार पुढच्या खाचेपर्यंत ओढून द्यायचो आणि मग गाडीखाली शिरायचो.

"दाब."

"दाबलंय हो!"

"सोड."

"सोडलं!"

चारही चाकं होईपर्यंत हेच चालायचं. सगळी इमारत हसायची. मला स्क्रू आवळायला वेळ लागला की आतून आवाज यायचा, "अहो, जन्मभर धरून बसू का?"

बसली असती तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात फाटकातून आत येताना माझ्या पायाखालचं पेडल थेट तळाला गेलं आणि गाडी भिंतीला जाऊन टेकली. रंगही उडाला नाही. पण दुसऱ्या मजल्यावरून बातमी लेकीपर्यंत पोचली तेव्हा भिंत जवळजवळ पडलीच होती. लगेच फोन.

"बाबा, ती गाडी आता विकायची."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही एकटे असता. काही झालं म्हणजे?"

"अगं, ब्रेकमध्ये हवा आहे नुसती. काढली की झालं."

"कोण काढणार? दोन माणसं लागतात त्याला. माहितेय मला. लहानपणी गॅलरीत उभी राहून तेच तर बघत होते. तुमच्या त्या गाडीत मला बसायला जागा कुठे होती?"

खरंच नव्हती. लहान होती तोवर आईच्या मांडीवर बसायची; मोठी झाली आणि तेही संपलं. शेवटी तीच म्हणाली, "मी रविवारी दुपारी येते. स्वतः चालवून बघणार. ब्रेक लागला तर ठेवा. नाही लागला, तर आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, जुन्या गाड्यांचे वेडे. त्यांना देऊन टाकायची. कबूल?"

"कबूल," मी म्हणून बसलो. हिचे कपडे लेकीने वाटून टाकले होते, औषधं मी फेकली होती, चष्मा कुठे गेला ते देव जाणे. आम्ही दोघांनी मिळून केलेलं असं काही म्हणजे ही एक गाडीच उरली होती. तीही गेली तर रविवारी सकाळी उठायचं कशाला, हे मला कोणीतरी सांगावं.

आता एक गोष्ट. दोन माणसं लागतात असं लेकीला वाटतं, पण लागत नाहीत. एक रबरी नळी मिळते, आतली हवा बाहेर सोडते आणि बाहेरची आत घेत नाही. ती स्क्रूवर चढवायची, दुसरं टोक तेलाच्या बाटलीत बुडवायचं, आणि आपणच आत जाऊन पेडल मारायचं. कोणाला हाक मारायला नको. मला हे गाडी घेतली तेव्हापासून ठाऊक होतं. हिच्याकडे मात्र मी कधी विषयच काढला नाही. काढून मला काय मिळणार होतं?

तर त्या रविवारी गाडीखालून बाहेर आलो, हात पुसले आणि कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराला सगळे वॉशरशेठ म्हणतात. गाडीला काहीही होवो, इंजीन हातात का येईना, तो म्हणणार, "आधी वॉशर बदलून बघा."

"ब्रेकची नळी दे रे. एकट्याने हवा काढायची असते ना, ती."

वॉशरशेठने नळी काढली, पण काउंटरवर ठेवता ठेवता थांबला.

"काका, ही काकूंनी नेली होती की एकदा."

"कोणी?"

"काकूंनी. झाली बरीच वर्षं. म्हणाल्या, यांचा वाढदिवस आहे, एकट्याने ब्रेक करता येईल असं काहीतरी द्या. मी हीच दिली. कशी वापरायची तेही दाखवलं. खूश होऊन गेल्या."

"मला तर कधी दिली नाही."

"देतील कशा? दुसऱ्याच दिवशी परत आणून दिली." वॉशरशेठ हसला. "मी विचारलं, काय झालं काकू, बसत नाही का? तर म्हणाल्या, बसते रे, पण ही घरात आली तर ते मला खाली कशाला बोलावतील?"

मी नळी घेतली. वॉशरशेठ आणखी काहीतरी बोलत होता, बहुतेक वॉशरबद्दल. मला काही ऐकू आलं नाही. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याने मला शिवी दिली, ती रास्तच होती. दोघंही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत राहिलो. म्हणजे ती सगळं ठाऊक असून उन्हात घामाघूम होत पेडल दाबत बसायची आणि वर मलाच दटावायची! केवढी लबाड! मला हसू आलं, आणि फाटकापाशी पोचेपर्यंत रडू आलं.

मग कामाला लागलो. नळी चढवली, बाटली टेकवून ठेवली आणि आत शिरलो, तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. सकाळी सवयीने मीच सीट पुढे ओढून ठेवली होती, हिच्या खाचेत. मागे घ्यायला खटक्याला हात घातला, आणि तसाच काढून घेतला. अंग चोरून, गुडघे आखडून तिच्या जागी बसलो आणि पेडल दाबलं.

"दाबलंय हो," मी म्हटलं. हळूच म्हटलं. दुसऱ्या मजल्याला पुन्हा कशाला काम द्या?

उतरायचं, बाटली बघायची, ब्रेकच्या डब्यात कमी झालेलं तेल घालायचं, परत गुडघे दुमडून आत. आधी दुधावर फेस यावा तसे बुडबुडे आले, मग कमी झाले, मग नुसतं स्वच्छ तेल. एकेक करत चारही चाकं झाली. शेवटी पेडल दाबलं तर दगडासारखं घट्ट. इतका चांगला ब्रेक आम्हा दोघांना मिळून एकदाही जमला नव्हता. ही नेहमी पाय जरा आधी उचलायची. मला फार वाईट वाटलं.

दुपारी लेक आली. हात पुढे करून किल्ली घेतली आणि आत बसली. तिची उंची आईची. पाय बरोबर पेडलवर गेले.

"अरे! सीट माझ्या मापाची कशी?"

"असू दे," मी म्हटलं आणि शेजारी पडलो.

बाजारामागच्या रिकाम्या रस्त्यावर तिने वेग घेतला आणि काही न सांगता करकचून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

"बाबा, मदतीला कोण आलं होतं?"

"कोणी नाही. एकट्याला जमतं ते. नळी मिळते."

"काय सांगता! मग इतकी वर्षं आईला कशाला बसवत होतात उन्हात?"

"तिलाही माहीत होतं," मी म्हटलं, आणि वॉशरशेठने सांगितलेलं सगळं तिला सांगितलं.

तिचा पाय अजून ब्रेकवरच होता, नुसता दाबून धरलेला. मागून एकाने हॉर्न दिला, मग परत दिला.

"सोड," मी म्हणालो.

तिने पाय उचलला. फाटकाशी आल्यावर किल्ली माझ्या हातात ठेवली, म्हणाली, "ठेवा. पण हळू चालवा," आणि डोळे पुसत निघून गेली. थांब म्हणालो, पण तिला घरी कामं होती.

गाडी आत लावायची राहिली होती. सीट होती तिथेच ठेवून मी आत शिरलो आणि गुडघे स्टिअरिंगला घासत गाडी हळूहळू भिंतीपर्यंत नेली. ब्रेक दाबला. गाडी कधीच थांबली होती, तरी मी पेडल धरूनच बसलो. सोड म्हणायला कोणी नव्हतं. मग माझा मीच पाय उचलला.