पाव आटा मागे

माझी उंची तुमच्या मधल्या बोटाएवढी आणि वजन एका बऱ्यापैकी पेरूइतके. तरीही मित्रांनो, मी एक इंजिन आहे. जुने, पण देवाच्या कृपेने अजून चालणारे. खेळातली विमाने उडवणे हे माझे काम. रॉकेल, इथर आणि एरंडेल हा माझा आहार. एरंडेल म्हटल्यावर तुम्ही तोंड वाकडे केले असेल. ज्या माणसांत मी वाढले त्यांना मात्र तो वास धुपासारखा लागतो. तो आला की ती डोळे मिटून घेतात आणि कुणीतरी म्हणतोच, "आहाहा, शुक्रवार आला!"

माझा जन्म अलेक्झांड्रियाचा. बंदरामागच्या गल्लीत उस्ता वहबाचे, म्हणजे वहबा मिस्त्रीचे, लेथचे दुकान होते. दिवसभर तो जहाजांच्या पंपांचे दट्टे कातायचा आणि जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी धरून मला घडवायचा. एका मोडक्या ट्रकचा पिस्टन वितळवून त्याने माझे अंग ओतले. माझा दट्ट्या सिलिंडरमध्ये इतका नेमका बसवला की मध्ये केस मावणार नाही. घासून घासून शेवटचा हात फिरवताना तो पुटपुटायचा, "देवा, आता तूच हात धर." तीन महिन्यांनी मी पहिल्यांदा भुर्रकन सुरू झाले, तेव्हा त्याने छातीवर क्रूस काढला आणि पंख्याने कापलेले बोट तोंडात घातले.

माझ्यासारखे दुसरे इंजिन त्याने केले नाही. करायचे करायचे म्हणत आयुष्य गेले.

आता माझी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे समजेल. माझ्या कुशीत एक बारीक सुई आहे, स्क्रूसारखी फिरणारी. ती उघडली की मला तेल जास्त मिळते आणि माझा आवाज घोगरा होतो. ती मिटत नेली की तेल कमी होते, आवाज चढतो, स्वच्छ होतो आणि माझ्या जाड आवाजावर एक बारीक, झणझणीत तार तरंगू लागते. ती तार लागली की ऐकणाऱ्याला वाटते, इथेच थांबावे. पण तिथे थांबायचे नसते! कारण आकाशात गेल्यावर पंखा हलका होतो, मी आणखी जोरात धावते आणि मला आणखी तेल लागते. म्हणून तार लागली की सुई पाव आटा, म्हणजे पाव फेरा, मागे घ्यायची. गोडी थोडी सोडायची. जो सोडत नाही त्याचे इंजिन हवेत तापते, दट्ट्या आवळतो आणि विमान दगडासारखे खाली येते. मरियुत तलावाकाठच्या आमच्या मैदानावर हे सगळ्यांना पाठ. आणि दुसरा नियम असा की, दुसऱ्याच्या सुईला हात लावायचा नाही. माणूस आपली चप्पल देईल, जेवण देईल, पण सुई देणार नाही.

त्या मैदानावर मी चाळीस वर्षे उडाले. विमानाला दोन पोलादी तारा बांधलेल्या, त्यांची मूठ उस्ताच्या हातात, आणि तो मध्यभागी उभा राहून गरगर फिरतोय, मी त्याच्याभोवती. लोक म्हणायचे, "वहबाचं इंजिन बोलत नाही, गातं." हे म्हणणाऱ्यांत पहिला होता मुअल्लिम तादरुस. तो आमच्या चर्चमधला मुख्य गायक, जन्मापासून आंधळा. सगळी स्तोत्रे, सगळी प्रवचने त्याला तोंडपाठ, आणि ती तो अशी गाऊन सांगायचा की ऐकणाऱ्या बाया पदर ओले करायच्या. मला ठाऊक आहे, कारण सणावाराला उस्ता मला कोटाच्या खिशात घालून चर्चमध्ये नेई. "देवाच्या कानावर घालून आणतो," असे म्हणे. खिशातल्या अंधारात तो गळा ऐकताना मला वाटायचे, याच्या सुईला कोण हात लावत असेल? देवच लावत असेल.

दर शुक्रवारी मुअल्लिम मैदानावर घडीचे स्टूल घेऊन बसायचा. कुणी विचारले, "मुअल्लिम, तुम्हाला काय दिसतं इथं?" तर म्हणायचा, "अरे, तुम्ही बघायला येता, मी ऐकायला येतो. तुमचं विमान उन्हाच्या तिरिपेत गेलं की तुमचं संपतं, माझं चालूच असतं."

पण मित्रांनो, सुखाचे दिवसही कलतात. दुकान बंद झाले, लेथ गेला, उस्ताचे केस पांढरे झाले. आणि गेल्या दोन वर्षांत मी हवेत बंद पडू लागले. एकदा नव्हे, दर शुक्रवारी. जमिनीवर ठीक, चार फेऱ्या ठीक, पाचव्या फेरीला दट्ट्या आवळे आणि धप्प! दोनदा पंख मोडले. आणि एकदा माझ्या दट्ट्यावर एक चरा उमटला. उस्ताने तो भिंगातून पाहिला. नवा दट्ट्या आता कातायचा कुठे? आणखी एक खोल चरा पडला की माझा खेळ संपला.

उस्ताने दोष दिला तेलाला. तेल मिसळायची त्याची मुलगी दिमयाना. ती औषधांच्या दुकानात काम करणारी, थेंब मोजून मिसळणारी.

"तुझं एरंडेल भेसळीचं आहे," तो म्हणायचा.

"बाबा, तेच एरंडेल हम्मूदाकाकांना दिलंय. त्यांचं विमान बघा कसं फिरतंय."

हम्मूदा हा मैदानावरचा शिंपी, विकतचे इंजिन उडवणारा, जिभेचा तिखट. तो लगेच ओरडायचा, "उस्ता, तुमचं विमान हल्ली उडतं कमी आणि नमाज जास्त पढतं! सारखं आपलं जमिनीला डोकं!"

"तू तुझ्या विजारी शिव," उस्ता म्हणे. पण हसत नसे.

खरे काय होते ते मला ठाऊक होते, पण मला बोलता कुठे येते? उस्ताचे बोट सुईवर यायचे, मिटत मिटत जायचे, माझी झणझणीत तार लागायची आणि बोट थांबायचेच नाही! ती तार त्याला ऐकूच येत नव्हती. चाळीस वर्षे आमच्या किंकाळ्यांशेजारी उघड्या कानांनी उभा राहिलेला माणूस तो. वरचे, बारीक आवाज त्याच्या कानांतून एकेक करून निघून गेले होते. बोलणे ऐकू येई, जाड आवाज ऐकू येई, म्हणून त्याला पत्ताच नव्हता. तो आपली हरवलेली तार शोधत सुई आवळत राही, आणि माझा जीव जाई. माझ्याच आवाजाने त्याचे कान नेले होते, हे आठवले की मला आतून गंजल्यासारखे होते.

हे पहिल्यांदा ओळखले मुअल्लिमने. ईस्टरच्या आधीचा रविवार होता, हातात खजुराच्या झावळ्या घ्यायचा. मिरवणूक आटोपली होती, चर्चच्या अंगणात उस्ता झावळीचा क्रूस विणत बसला होता आणि मी त्याच्या खिशात. मुअल्लिम काठी टेकत मागे येऊन उभा राहिला. त्याच्या हातात तो लहान लोखंडी त्रिकोण होता, स्तोत्राला ताल धरायचा. त्याने तो वाजवला. टिंग! मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

"वहबा, हा त्रिकोण जरा बसका वाटतो का रे?"

उस्ता झावळीतून मान वर न काढता म्हणाला, "आधी वाजव तरी. न वाजवता कसं सांगू?"

मुअल्लिमने त्रिकोण झग्यात ठेवला. "राहू दे," म्हणाला. "नंतर वाजवीन."

त्यानंतरचा आठवडा म्हणजे येशूच्या दुःखाचा. मुअल्लिम सकाळ-संध्याकाळ उभा राहून गायला आणि ईस्टर उजाडेपर्यंत त्याचा गळा पार बसला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शम्म अल-नसीम, म्हणजे वारा हुंगायचा वसंताचा सण. त्या दिवशी ख्रिस्ती काय, मुसलमान काय, सारा मुलूख खारवलेला मासा, पातीचा कांदा आणि रंगवलेली अंडी घेऊन मोकळ्या हवेत जाऊन बसतो. आमचे मैदानही भरले होते. उस्ताने सकाळीच जाहीर केले होते, "आज शेवटचं. आज थांबलं तर याला तलावात टाकीन आणि मूठ तारांसकट देऊन टाकीन."

दिमयानाने विमान धरले. उस्ताने पंख्याला टिचकी मारली. मी दुसऱ्या टिचकीला सुरू झाले, वाऱ्याचे नाव घेऊन. सुई मिटत आली. घोगरेपणा गेला. तार लागली. स्टुलावरून मुअल्लिम बसक्या गळ्याने ओरडला, "पुरे!"

बोट पुढेच गेले.

"वहबा, पुरे!"

आणखी पुढे. माझे अंग तापले, दट्ट्या जड झाला, आवाज चिरका होऊन पडला आणि मी जमिनीवरच थांबले.

"बघितलंस?" उस्ता मुलीवर उसळला. "इथर उडून गेलंय तुझं!"

"बाबा, बाटली आत्ता तुमच्यासमोर उघडली."

हम्मूदाने तोंड उघडले, पण त्याच्या बायकोने त्याच्या तोंडात अंडे कोंबले.

मग मुअल्लिम उठला. काठी टेकत, आवाजाच्या दिशेने आला आणि म्हणाला, "वहबा, तेल चांगलं आहे. इंजिन चांगलं आहे. तुझे कान गेलेत."

उस्ता हळूच म्हणाला, "आंधळ्यानं मला बहिरा म्हणावं?"

"आंधळ्यानंच म्हणावं लागलं. डोळसांनी दोन वर्षं बघितलं आणि कांदा खात बसले." त्याचा गळा खरखरत होता. "झावळ्यांच्या रविवारी त्रिकोण तीनदा वाजवला रे मी. तुझ्या पाठीशी उभा राहून. तू म्हणालास, आधी वाजव तरी."

उस्ताने मुलीकडे पाहिले. "तुला माहीत होतं?"

दिमयानाने मान खाली घातली. "दाराची घंटा दोन वर्षं मीच ऐकतेय, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सुईला हात लावू देत नाही कुणाला. कानांना कसा लावू देणार?"

कांद्याची एक पात उचलून उस्ता तलावाच्या काठाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला. दिमयाना निघाली, तर मुअल्लिमने काठी आडवी धरली. "बस पोरी. बसू दे त्याला."

मी तशीच विमानाच्या नाकावर, चटके देत. वारा होता, तलावावरून येणारा, मिठाचा वास घेऊन. हळूहळू माझे अंग कोमट झाले. वाळूत पावले वाजली. उस्ताने हात विजारीला पुसले, माझा पंखा बोटाने अलगद फिरवला, एकदा, दोनदा. दट्ट्या मोकळा होता. नवा चरा नव्हता. त्याने श्वास सोडला.

"तादरुस, ऊठ."

"कशाला? मारतोस?"

"मारीन नंतर. इकडे ये. नाही, तिथं नाही, पंखा बोट उडवील तुझं! माझ्या मागं उभा राहा. हात खांद्यावर ठेव. एकदा दाबलंस की मिटायची, चिमटा काढलास की मागं."

मित्रांनो, चाळीस वर्षांत माझ्या सुईवर दुसऱ्या कुणाचा हुकूम चालला नव्हता. मी सुरू झाले. बोट उस्ताचे, पण ते हलायचे मागच्या खांद्यावरून. दाबले, थोडी मिटली. दाबले, आणखी थोडी. तार लागली, आणि जुन्या सवयीने बोट पुढे सरकणार, तोच खांद्याला चिमटा बसला.

"आई गं! हाडाला लागलं!"

"मग थांब की!"

उस्ता हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याने सुई पाव आटा मागे घेतली आणि धावत जाऊन मूठ हातात घेतली. दिमयानाने मला सोडले.

चार फेऱ्या झाल्या. पाचवी आली. मैदानावरचे घास हातातच राहिले. पाचवी गेली, सहावी गेली, आणि हम्मूदा उभा राहून मोठ्याने मोजू लागला. पुढे त्याने मोजणे सोडले आणि नुसताच टाळ्या वाजवू लागला. मी टाकीतला शेवटचा थेंब संपेपर्यंत गायले. थांबले ते पोट रिकामे झाल्यामुळे. विमान वाळूवर असे टेकले की धूळसुद्धा उडाली नाही.

उस्ता गरगरत येऊन मुअल्लिमच्या स्टुलाशी खाली बसला. धाप लागली होती. जरा वेळाने, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू त्याने विचारले, "कसं वाजत होतं रे?"

मुअल्लिम वाकला, त्याच्या कानाशी तोंड नेले, आणि आठवडाभर गाऊन फाटलेल्या त्या गळ्याने माझी बारीक तार खाली, अगदी खालच्या पट्टीत उतरवून, जाड आवाजात गायला. जशी लागली होती तशी, न चुकता. उस्ता डोळे मिटून ऐकत राहिला.

"अजून असंच वाजतं?"

"अजून असंच."

आता दर शुक्रवारी असेच चालते. उड्डाण झाले की दिमयाना माझे अंग पुसते, पोटात दोन थेंब तेल सोडते, पंखा चार वेळा हाताने फिरवते आणि मला फडक्यात गुंडाळून ठेवते. तिच्या कानांत कापसाचे बोळे असतात. तिने ते हम्मूदालाही शिवून दिल्यासारखे पक्के बसवायला लावले आहेत.

माझे तुमच्याकडे मागणे थोडे आहे. माझ्यासारखे एखादे जुने इंजिन घरात सापडले आणि ते फिरेना, तर पकडीने पिळू नका. आतले एरंडेल नुसते सुकलेले असते, ऊब दिली की सुटते. मोठ्या आवाजाजवळ उभे राहाल तेव्हा कान झाका. आणि तुमच्या जवळच्या माणसाला ऐकू येत नाही, दिसत नाही, उमजत नाही असे कळले, तर ते त्याला तोंडावर सांगा, आणि सांगून झाल्यावर खांद्यावर हात ठेवायला तिथेच उभे राहा. तो रागावून पाठ फिरवील. फिरवू द्या. मला निवायला लागतो तेवढा वेळ थांबा.