काळा कान कुठल्या बाजूला

टक्. आतल्या खोलीत फरशीवर फणी पडली.

दुपारच्या त्या निपचित घरात एवढा आवाजही छातीत जाऊन बसला. पुतणी तापानं गेल्यापासून आमच्याकडे कुणी भांडंसुद्धा जोरात ठेवत नव्हतं. मी डोकावले. माझ्या मोठ्या जाऊबाई, मी त्यांना वहिनी म्हणते आणि माझी लेक मोठी आई, खाली बसून लेकीच्या फणीतले केस एकेक सोडवून कागदाच्या पुडीत ठेवत होत्या.

"उद्या पहिली सुई आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी केस मागितलेत. ती परत येणार गं. माझ्याच पोटी."

'त्यांनी' म्हणजे पेशीबाबांनी. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि सभागृह जिन्यापर्यंत भरलेलं. "मरण म्हणजे काय?" बाबा विचारायचे. "पेशींचा विसरभोळेपणा. मी त्यांना फक्त आठवण करून देतो. म्हणून तर केसांबरोबर फोटो लागतो. फोटो दाखवला की पेशी लाजतात आणि कामाला लागतात. हा चमत्कार नव्हे, हे क्लोनिंग आहे." लोक क्लोनिंगला हात जोडायचे.

"माझ्या सासूबाईंचे केस आणू का?" मागून एकीनं विचारलं होतं.

"नको बाई, एकदा पुरे झाल्या," तिची सून कुजबुजली, आणि आजूबाजूच्या चारजणी तोंडाला पदर लावून हसल्या.

पण मग आमच्या माऊची पाळी आली तेव्हा कुणी हसलं नाही. माऊ ही पुतणीची कबरी मांजर. ती गेल्यावर अन्न सोडून माऊही गेली. वहिनींनी तिचे केस आणि फोटो दिला होता. टेबलावर काचेचं मोठं भांडं, निळा दिवा, धूर. बाबांनी कापड टाकलं, ओढलं, आणि आत मांजराचं पिल्लू. तेच पांढरं अंग, तेच तपकिरी ठिपके, तोच एक काळा कान. सगळं सभागृह मुसमुसलं. मीही.

तेव्हापासून ते पिल्लू पुतणीच्या उशीवर झोपायचं. वहिनी पोळी लाटता लाटता थांबायच्या. "ऐकलंस? आत पोर हसली." खोटं कशाला बोलू, एकदोनदा मलाही ऐकू आलं.

आज मी ती केसांची पुडी बघत होते, तेवढ्यात माझी लेक पिल्लाला कडेवर घेऊन आली.

"आई, ही माऊ नाहीये."

"का गं?"

"हिचा काळा कान जेवायच्या हाताकडे आहे. माऊचा दुसऱ्या हाताकडे होता."

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. पुतणीनं माऊला घेऊन आरशासमोर उभं राहून काढलेला फोटो. आरशात डावं ते उजवं. बाबांना दिलेली प्रत याचीच होती. पेशी काय आरशात बघून वाढतात?

पिल्लू पिशवीत घालून मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सुईपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी काळ्या कानावरची लव बोटांनी विंचरली. मुळाशी पांढरीशुभ्र. कलप लावणाऱ्या माणसाच्या भांगात दिसते, तशी.

"पांढरं पिल्लू आहे. रंगवलंय," त्या म्हणाल्या. "आणि गंमत सांगू? कबऱ्या मांजरीचं खरं क्लोन केलं, तर ठिपके जुळतच नाहीत. पोटात वाढताना कुठल्या पेशीत कुठला रंग जागा होईल, हा योगायोग असतो. इतकी हुबेहूब, म्हणूनच खोटी."

"पण क्लोनिंग खरं असतं ना?"

"जनावरांत होतं. एका मादीचं बीज घ्यायचं, त्यातलं केंद्रक काढायचं, ज्याची नक्कल हवी त्या जनावराच्या जिवंत पेशीतलं घालायचं, विजेचा हलका झटका द्यायचा, आणि मग कुणाच्या तरी गर्भाशयात वाढवायचं. मांजराला दोन महिने लागतात, धुरात उगवत नाही. शेकड्यानं प्रयत्न वाया जातात. काही पिल्लं अवाढव्य होतात, काहींना श्वास घेता येत नाही, कधी आईच जाते. माणसाचं मूल असं कुणी करून दाखवलेलं नाही. आणि फणीतल्या मेलेल्या केसांतून तर नाहीच. वहिनींना देणार ती सुई कसली आहे, ते तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. संध्याकाळी आम्ही दोघी सभागृहात गेलो, वहिनींना हाताला धरून. डॉक्टरीणबाईंनी भर गर्दीत पिल्लाची लव उलटी करून दाखवली.

"पेशींना अजून रंग चढतोय," बाबा म्हणाले.

"मुळाकडून चढेल ना मग, टोकाकडून कसा?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावरची चादर उचलली. खाली झडप. झडपेखाली खोका. खोक्यात अजून दोन पांढरी पिल्लं, एक कुंचला, आणि टाचणीनं लावलेला कुणाच्या तरी मांजराचा फोटो. आपला रंग यायची वाट बघत ती पिल्लं गप्प बसली होती. बाबा मागच्या दारानं पसार झाले.

तो बाबा 'परत आणतो' म्हणायचा. परत म्हणजे पुन्हा, आणि परत म्हणजे माघारी. शास्त्र उद्या फार तर पुन्हा करील: तेच रूप, उशिरा जन्मलेलं जुळं, नवा जीव. माघारी ते कुणालाच आणत नाही. शास्त्राचं नाव घेऊन कुणी दारात आला, तर एवढंच विचारा: कसं केलंस, कुणासमोर केलंस, कितीदा फसलं? आपलं फसलेलं जो सांगत नाही, तो तुम्हाला फसवतोय.

घरी आल्यावर वहिनींनी पुडी कपाटात ठेवली. उद्या कुठं जायचं नव्हतं.

"कानाची बाजू चुकलेली मला पहिल्याच दिवशी दिसली होती," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत, वहिनी?"

"खोटं का होईना, दारात कुणीतरी आलं होतं ना."

त्या आत गेल्या. माझ्या लेकीनं त्या दाराकडे बघितलं. मग माझी ओढणी ओढली.

"आई, ताई येणार नाही, तर मोठी आई आता कुणाची आई?"