निळ्या पट्टीच्या डबीतली टिप

मी कार्बाइडची एक टिप बोलतेय. लेथवर फिरणाऱ्या धातूला भिडून त्याचा कीस काढणारी, नखाएवढी, चौकोनी टिप. वर चार कोपरे, खाली चार, अंगावर सोनेरी थर. एवढं मला माझ्याबद्दल खात्रीनं सांगता येतं. बाकी सगळा गोंधळच आहे.

मुळात मी कुठली, इथपासून गोंधळ. पूड दाबून, भट्टीत भाजून, वर तो सोनेरी थर चढवून मला घडवलं एका थंड देशात. पण माझे कण एकमेकांना धरून ठेवणारा कोबाल्ट म्हणे इथल्याच किटवे शहराजवळच्या खाणीतून गेलेला. मग किटवेच्या या वर्कशॉपमध्ये मी आले, की परत आले?

वर्कशॉप सिमफुक्वे यांचं. तिथले लेथ चालवणारे सगळ्यात जुने टर्नर बा कासोंदे. 'बा' लावल्याशिवाय त्यांना मालकही हाक मारत नसत. टिपांच्या डब्या त्यांच्या कपाटात असायच्या. निळ्या पट्टीच्या डबीतल्या टिपा पोलादासाठी, लाल पट्टीच्या बिडासाठी. एकदा त्या डब्या खाली पडून सांडल्या. दोन बोटांनी चाचपत मला उचललं आणि एका डबीत ठेवलं. आम्ही सगळ्या सोनेरीच. मी कुठून कुठे गेले, मला कळलं नाही. शेजारणींच्या पाठीवर नक्षीदार खाचा होत्या आणि माझी पाठ सपाट, हे तेवढं जाणवत होतं.

त्या डबीतून मला बाहेर काढलं ङोसानं. तिशीतली, शिकून आलेली टर्नर. सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली, त्यातले दोन आठवडे उरलेले. तिच्या लेथवर त्या दिवशी चिमवेमवे वस्तीतल्या मक्याच्या गिरणीचा शाफ्ट होता. गिरणी बंद पडलेली, बायका डोक्यावर मका घेऊन लांबच्या गिरणीला चाललेल्या. शाफ्टजोगतं पोलाद वर्कशॉपमध्ये एकच होतं, एका ट्रकचा जुना ॲक्सल. त्यात आधीचीच चावीची, म्हणजे धातूची पाचर बसवायची, खाच होती.

मला होल्डरमध्ये बसवताना ङोसा थबकली.

"बा कासोंदे, ही सपाट कशी?"

त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला. "डबीवर पट्टी कुठली आहे?"

"निळी."

"मग लाव की."

मला बरं वाटलं. मी पोलादाची, हे एकदाचं ठरलं.

शाफ्ट फिरू लागला. कीस तुटेचना. लांबलचक रिबिनी निघून माझ्याच गळ्याभोवती गुंडाळू लागल्या. खाच आली की प्रत्येक फेऱ्याला दणका. मी जीव तोडून टिकायचा प्रयत्न केला, पण माझा कोपरा उडाला, त्याचा तुकडा खाली अडकला आणि नेमकी बेअरिंग बसायच्या जागी खोल चर पडला. शाफ्ट वाया गेला.

सिमफुक्वेंनी दुपारपर्यंत दुसरं पोलाद मिळवलं. बा कासोंदेंनी त्याच निळ्या डबीतली दुसरी टिप लावून शाफ्ट करून दिला. कीस कसा मुरमुऱ्यांसारखा तुटून पडत होता. तीच डबी, तसंच पोलाद. मग चूक कोणाची, हे सगळ्यांनी न बोलता ठरवलं. ङोसाला ड्रिल मशिनवर पाठवलं आणि सहा महिन्यांनंतरचं नंतर बघू, असं सिमफुक्वे म्हणाले. बा कासोंदे एप्रनला हात पुसत उभे होते. त्यांनी बोलायला हवं होतं का? मला तेव्हा माहीत नव्हतं.

ङोसानं मला फेकलं नाही, खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकी मासळी खायला बाहेर बसले, तेव्हा तिनं मला निळ्या डबीतल्या बाकीच्यांशेजारी मांडलं. त्या खाचांच्या, मी सपाट. मग लाल डबी उघडली. त्यात सगळ्या सपाट आणि त्यांच्यात एक खाचांची. ती बराच वेळ बघत बसली. मग उठली आणि माझा शाबूत कोपरा पुढे करून बसचा एक बिडाचा ब्रेक ड्रम लेथवर चढवला.

काय सांगू. मी अशी चालले की मलाच माझी ओळख पटेना. करडी भुकटी सरसर खाली पडत होती आणि ड्रम आतून चकाकत होता.

तो आवाज ऐकून बा कासोंदे आत आले. ङोसानं मशिन थांबवलं आणि मला त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"ही बिडाची आहे. निळ्या डबीत कोणी ठेवली?"

ते खाली बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मीच. डब्या सांडल्या होत्या. मला जवळचं दिसत नाही, ङोसा. वर्ष झालं. हातानं काम भागतं, पण त्या दिवशी हात चुकला."

"आणि मला ड्रिलवर पाठवलं तेव्हा?"

"तेव्हा भीती वाटली. डोळे गेलेला टर्नर कोण ठेवतो?"

ती रागावली होती. ती एवढंच म्हणाली, की उद्या सकाळपर्यंत तुम्ही मालकांशी बोला, नाहीतर मी बोलेन.

सकाळी ते खरंच गेले. केबिनचं दार उघडं होतं. मी ङोसाच्या खिशातून ऐकलं.

"ती टिप खोटी होती," बा कासोंदे म्हणाले. "बाजारात खोटा माल येतो हल्ली. पोरीचा दोष नाही. माझ्या हातातसुद्धा फुटली असती."

सिमफुक्वेंनी लगेच मान्य केलं. ङोसाला त्याच दिवशी लेथ परत मिळाला आणि सहा महिने भरताच ती कायम झाली. दारात उभी राहून तिनं ते ऐकलं होतं, पण तिनं खोडून काढलं नाही. आता कपाटाची किल्ली तिच्याकडे असते, डब्या तीच लावते. आणि शुक्रवारी बा कासोंदेंना डोळ्यांच्या दवाखान्यात तीच घेऊन जाते. त्यांच्याशी ती अजून मोजकंच बोलते, पण बसमध्ये चढताना त्यांचा हात धरते. ही चीड आहे की माया? मला माणसांचं गणित सुटत नाही.

माझे आता दोनच कोपरे उरलेत. ब्रेक ड्रम आले की ङोसा मला काढते. सिमफुक्वे येताना दिसले की खिशात टाकते, कारण मला फेकून द्यायचा त्यांचा हुकूम आहे. हे कोपरे संपले की मी भंगारात जाईन, वितळेन, आणखी काहीतरी होईन. त्याचं दुःख नाही. तुम्हाला फक्त एवढंच सांगायचं होतं, की मी खोटी नव्हते.

पण हे सिमफुक्वेंना सांगू नका.