साळूच्या हातावरचा विंचू

आता जे सांगायचं आहे ते कोणालाही पटणार नाही, आणि त्याला आपला इलाज नाही. कळंबोलीत पाचव्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात एका बाईचं तोंड आणि तिचेच हात यांच्यात भर दुपारी भांडण जुंपलं. साठ हजार माणसांनी ते आपापल्या मोबाइलवर पाहिलं. आणि त्यात हात जिंकले.

हात होते साळूचे. साळू आपटा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेल्या वाडीतली. पहाटे रान धुंडाळायचं आणि नऊच्या आत रानभाज्यांची टोपली घेऊन त्या पाचव्या मजल्यावरच्या रुचिराताईंच्या सोसायटीच्या गेटापाशी बसायचं, हा तिचा नेम. उजव्या मनगटावर गोंदलेला विंचू. तो इतका जिवंत की सुट्टे पैसे देताना नवं गिऱ्हाईक हात आखडून घ्यायचं.

"मावशी, जरा शेवळं सोलून दाखवा ना," म्हणत रुचिरा मोबाइल धरायची. साळू ते पावसाळी कोंब सोलून दाखवायची. ती नुसते हातच टिपतेय, हे साळूला काय ठाऊक?

मग एक दिवस लेकीनं, माधुरीनं, मोबाइल तिच्या नाकासमोर आणला. पडद्यावर साळूचे हात टाकळा निवडत होते, आणि लगेच पुढच्या क्षणी नथ, नऊवारी, कपाळभर कुंकू अशा थाटात रुचिरा हसत होती. खाली लिहिलेलं: 'रानकन्या रुचिरा. पहाटे रानात, दुपारी चुलीवर.'

"आये, हे तर तुझं हात हायत!"

"हात माझं, आन थोबाड तिचं?"

"लोक काय लिवतात आयक. 'ताई, तुमच्या या हातांना सलाम.'"

साळूनं आपले हात उलटेपालटे करून पाहिले. चाळीस वर्षं काट्याकुट्यात घातलेले हात. त्यांना आजवर कोणी सलाम केला नव्हता, आणि केला तर तो दुसरीच्या दारात जाऊन पडला. तिला दुसरं काही नको होतं. तो सलाम परत हवा होता.

दुसऱ्या दिवशी गेटावरच तिनं रुचिराला गाठलं. "ताई, माझ्या हाताला माझं नाव लावा."

रुचिरा गोरीमोरी झाली. "लावते हो मावशी. पण रविवारी लाइव्ह आहे, लोक हात बघणार. तेवढ्यापुरते हात द्या. शेवटी सगळ्यांसमोर तुमचं नाव घेते."

"शपथ?"

"देवाशपथ!"

झालं. रविवारी रुचिरा ओट्यापाशी उभी राहिली. स्वतःचे हात तिनं पदराखाली पाठीमागे दडवले. साळू मुळातली ठेंगणी, ती मागून चिकटून उभी राहिली आणि तिचे हात रुचिराच्या काखेतून पुढे आले. समोर रुचिराचा नवरा स्वानंद मोबाइल धरून उभा.

"नमस्कार मंडळी! शेवळं करायला अगदी सोपी," तोंड म्हणालं. "नुसती धुवायची आणि कढईत टाकायची."

हातांनी शेवळं सोलली, आतला पिवळा भाग काढून फेकला, आणि काकडं ठेचायला घेतली. काकडं म्हणजे शेवळाची खाज मारणारी आंबट हिरवी फळं.

"आंबट काही घालायचं नाही!" तोंड.

हातांनी मूठभर काकडं कढईत टाकली.

"मीठ सगळ्यात शेवटी."

मीठ पडून गेलं होतं. खाली कोणीतरी लिहिलं, 'ताई, तुमचे हात तुमचं ऐकत नाहीत का?' दुसऱ्यानं विचारलं, 'विंचू कोणी गोंदला?'

"माझ्या पणजीनं!" तोंड आता रंगात आलं होतं. "निवडुंगाच्या काट्यानं. आमच्याकडे सात पिढ्यांचा विंचू आहे."

हात थबकले. दोन्ही मुठी वळल्या.

"आणि गंमत सांगू? आम्ही रानातली माणसं शेवळं कच्चीच खातो. ही बघा..."

हातांनी सोललेल्या शेवळांचं ताट मागे ओढलं. तोंड पुढे वाकलं. हातांनी ताट डावीकडे नेलं, तोंड डावीकडे गेलं, आणि त्यानं एक शेवळ दातांनी उचलून चावलंच.

पाच मोजेपर्यंत काही झालं नाही. मग रुचिराच्या घशात लाल मुंग्यांचं वारूळ फुटलं. डोळे वाहू लागले, नथ गळून कढईत पडली, आवाज म्हणून निघेना. स्वानंद पुतळ्यासारखा मोबाइल धरून उभाच.

साळूला मागे सगळं कळलं. नाव घ्यायची वेळ अजून आली नव्हती, आणि घेणारं तोंडच बंद पडलं होतं. पण घसा धरलेलं माणूस समोर असताना नावाचा विचार कोण करतं? तिनं हात ओढून घेतले आणि सरळ पुढे आली. साठ हजार लोकांसमोर रानकन्येच्या दोन बाया झाल्या.

"आ कर! ही काकडं चाव. गिळू नको, थुक. आता दुसरी. कच्ची खातात म्हनं! तुला कोनी सांगितलं गं, बाय?"

दहा मिनिटांनी रुचिराला बसका का होईना, आवाज फुटला. तिनं साळूचं मनगट धरून मोबाइलसमोर उंच केलं.

"या साळू मावशी. हात यांचे. भाज्या यांच्या. सगळं यांचंच. मी नुसतं तोंड."

त्यानंतर सलामांचा असा पूर आला की मोबाइल तापून स्वानंदला तो फडक्यात धरावा लागला. 'विंचूवाल्या मावशींचा विजय असो!' असं पनवेलपासून पार पुण्यापर्यंतच्या लोकांनी लिहिलं. संध्याकाळी गेटावरचा वॉचमन खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही बसा."

आता त्या पेजचं नाव आहे 'साळूचे हात'. मोबाइल धरते रुचिरा. पुढचं लाइव्ह वाडीत झालं. साळू अंगणात ऐसपैस बसलेली, तोंडासकट. मागे तिचा नवरा चांगो टोपली विणत होता.

"कोणीतरी विचारतंय मावशी," रुचिरा म्हणाली, "विंचू कोणी काढला?"

साळूनं पदर सारखा केला, मनगट पुढे धरलं आणि मान ताठ केली.

"ह्यो माज्या आज्जीनं काढला. निवडुंगाच्या काट्यानं. सात पिढ्यांचा विंचू हाय आमचा."

रुचिरानं ओठ दाताखाली दाबला. मागे चांगोच्या हातातली कांब थांबली.

"खोटं!" तो ओरडला. "जत्रंत मशीनवर काढलास की! बोंबलत व्हतीस, हात मीच धरला व्हता!"