समोरच्या डोंगरावरचा उजेड

भागीबाईचा पाडा डोंगराच्या पायथ्याशी आणि तिच्या धाकट्या बहिणीचं, शकुबाईचं घर समोरच्या डोंगराच्या माथ्यावर. मध्ये नदी. चालत जायचं तर अर्धा दिवस लागतो, आणि भागीबाईच्या गुडघ्यांनी तो रस्ता कधीच सोडून दिलेला. मोबाईल म्हणाल, तर सुरगाण्याच्या त्या कोपऱ्यात त्याचा उपयोग फक्त गाणी ऐकायला. म्हणून दोघींचं आपलं ठरलेलं होतं. दिवेलागणीला थोरलीने अंगणातून तीनदा बॅटरीचा उजेड दाखवायचा, म्हणजे सगळं बरं आहे. मग धाकटीने वरून तीनदा. थोरलीच्या आधी धाकटीने दाखवायचा नाही. मान म्हणजे मान.

बावीस दिवस झाले, वरून उजेड आला नव्हता.

का आला नव्हता, ते भागीबाईला पक्कं माहीत होतं. पुतणीच्या लग्नात, हळदीच्या मांडवात, चार बायांच्या देखत ती बोलून गेली की शकूच्या हाताला आता चव राहिली नाही, नागलीचे पापडसुद्धा कच्चे. उचलली जीभ लावली टाळ्याला. शकूने पदराने हात पुसले आणि ती चुलीकडे गेली. त्याच लग्नात भागीबाईच्या मुलाने, हिरामणने, आई आणि मावशी दोघींना एकेक नवी एलईडी बॅटरी दिली होती. हा हिरामण सातपूरला एका कारखान्यात फिटर. तिथल्याच द्वारका चौकातल्या फुटपाथवर स्वस्तात मिळाल्या म्हणून दोन घेतल्या. दिसायला झकास, निळ्या रंगाच्या, मुठीत मावणाऱ्या. जुन्या बॅटऱ्या दोघींनी लगेच नातवंडांना देऊन टाकल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी भागीबाई अंगणात उभी राहायची. शेतात राब भाजायचे, पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजायचे दिवस, सगळ्या खोऱ्यात निळा धूर साचलेला. त्या धुरात समोरचा डोंगर पायथा सोडून वरच्या वर तरंगतोय असं वाटायचं, आणि त्यावरचं शकूचं घर कुठेतरी वाहत निघालंय असं. मोहाच्या फुलांचा वास यायचा. लहानपणी दोघी एकाच गोधडीत झोपून मोह वेचायला पहाटे उठायच्या, ते तिला उभ्या उभ्या दिसायचं. किती वेळ गेला ते कळायचं नाही. मग नुसता अंधार व्हायचा, आणि ती घरात येऊन न जेवता पडायची. मन चिंती ते वैरी न चिंती. शकू मेलीबिली तर नाही ना, इथपर्यंत तिचं मन जाऊन यायचं.

शनिवारी हिरामण सुट्टीवर आला. आईचं तोंड बघितलं आणि वरून उजेड येत नाही हे तिच्याकडून काढून घेतलं. त्याने बॅटरी घेतली, बटण दाबलं, भिंतीवर लख्ख गोल पडला. बॅटरी ठणठणीत आहे, म्हणजे मावशीच रुसली असेल, असं तो सहज बोलून गेला. आणि भागीबाई रडायला लागली. आवाज न करता, उंबऱ्यावर बसून. हिरामणला स्वतःचीच चीड आली. दुसरं काही सुचेना म्हणून त्याने विचारलं, तू उजेड दाखवतेस कसा, ते तरी दाखव.

भर दुपारी ती अंगणात जाऊन उभी राहिली. शकूचं घर उंचावर, म्हणून बॅटरी लावून डोक्यावर आभाळाकडे धरली. देवापुढे दिवा लावताना मिटावेत तसे डोळे मिटले, गावदेवाचं नाव घेतलं आणि बॅटरीपुढे तीनदा तळहात धरला, तीनदा काढला. मग हात खाली आणून डोळे उघडले. बॅटरीचा उजेड पायाशी सावलीत पडलेला.

हिरामण बघतच राहिला. मग म्हणाला, "आये, परत धर. आन् आता डोळं मिटू नको."

तिने धरली. हात वर गेला तशी बॅटरी विझली. खाली आणली, लागली. पुन्हा वर, पुन्हा विझली. भागीबाई त्या काळ्या काचेकडे बघत राहिली. बावीस संध्याकाळी तिने डोंगराला अंधार दाखवला होता.

हिरामणने बॅटरी खोलली. मागची स्प्रिंग एवढी मऊ, की तोंड वर केलं की सेल आपल्याच वजनाने मागे सरकत आणि पुढच्या पट्टीपासून सुटत. मावशीची बॅटरीही तसलीच, पण ती माथ्यावरून खाली धरते, म्हणून तिला कधी कळायचं कारण नव्हतं. असलं ढिलं काम सातपूरला केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं, असं तो पुटपुटला. पण चार पैसे वाचवायला ही घेतली कुणी, हेही त्याच्या मनात आलंच. त्याने पकडीने स्प्रिंग ओढून लांब केली, तांब्याच्या तारेचं वेटोळं करून पुढच्या पट्टीवर बसवलं, आणि बॅटरी वर, खाली, आडवी धरून हलवली. उजेड जागचा हलला नाही.

आता खरी भीती भागीबाईला वाटायला लागली. इतके दिवस दोष बॅटरीचा. आता बॅटरी चांगली झाली आणि तरी वरून उजेड आला नाही, तर? तिने मुलाला सांगितलं, आजच्या दिवस राहू दे, उद्या बघू. हिरामण बॅटरी तिच्या हातात ठेवून बाजूला झाला.

दिवेलागणीला खोऱ्यात धूर उतरला होता. डोंगर पुन्हा वरच्या वर तरंगायला लागला. भागीबाईने हात वर केला, डोळे उघडेच ठेवले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तळहात काढते न काढते तोच वरून उजेड आला. तीनदा, घाईघाईने.

भागीबाई मनाशी हिशोब करायला लागली. शकू घरात असती तर आधी तिला उजेड दिसायला हवा, मग बॅटरी शोधायची, मग अंगणात यायचं. एवढ्या लवकर कसं जमावं?

"बसलेली होती रे," ती म्हणाली. "रोज. हातात घेऊन बसत होती."

मग तिने चौथ्यांदा उजेड दाखवला. चौथ्याचा अर्थ दोघींनी कधी ठरवलाच नव्हता. वरून लगेच चौथा आला.